आबांच्या फोनमधला जावई

आत्माराम भोईर, म्हणजे आमचे आबा, अंजूरच्या आपल्या ओट्यावर बसून शिव्या देत असत. फोनवर नव्हे, फोनला. नवखा माणूस थबकायचा. मला मात्र गुमान मान खाली घालून जावं लागे, कारण ते लफडं मीच लावून दिलं होतं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आबांना भिवंडीतल्या नारपोलीचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना मुलीच्या, सुजाताच्या, हाती द्यावा लागला. हाती दिला आणि घरी बसून ऊठसूट तिला फोन करू लागले. शेवटी तीच माझ्या मोबाइलच्या दुकानात आली. "रवीदादा, बाबांना कशात तरी गुंतव, नाहीतर मी लूम सोडून पळून जाईन." मी आबांच्या फोनवर कापडगिरणी चालवायचा एक खेळ टाकून दिला.

या खेळात गिरणी वाढली की मॅनेजर नेमता येतो. आपण सूचना ठरवून द्यायच्या, बाकी तो आपोआप बघतो. आबांनी सर्वांत आधी साप्ताहिक सुट्टी ठरवली, शुक्रवारची. भिवंडीतले लूम शुक्रवारी बंद असतात, आणि आबांच्या लेखी सगळं जगच भिवंडीत होतं. मॅनेजरने शुक्रवारी गिरणी धडाक्यात चालवली. आबांनी पुन्हा शुक्रवार निवडला, त्याने पुन्हा चालवली. स्वस्त असेल तेव्हाच सूत घे म्हटलं की हा नेमकं महाग असताना गोडाऊन भरून ठेवी. त्याला काढून दुसरा नेमला, तोही त्याच घरचा निघाला.

"यो जावई हाय माझा," आबांनी जाहीर केलं. "पगार खातंय नि ऐकत कुनाचा न्हाय."

"आबा, खेळातच काहीतरी गडबड आहे. आत खरी माणसं थोडीच आहेत?"

"न्हाईत कशी? लूम काय भुतं चालवतान? त्यांना जुम्म्याच्या नमाजला कवा सोडतंय, त्ये इचार त्याला."

हळूहळू जावयावरचा राग सुजातावर निघू लागला. तिनेही बापाचं ऐकलं नव्हतंच. साधं कापड सोडून पडद्याचं कापड विणायला घेतलं होतं, जुना सूतवाला बदलला होता. "तीबी जावयाच्याच वळनावर गेली," म्हणत आबांनी एका गोडाऊनवाल्याला कारखान्याची शेड भाड्याने द्यायचं कबूल करून टाकलं. सुजाताला याचा पत्ताही नव्हता. तेवढ्यात तिच्याकडे घाईची मोठी ऑर्डर आल्याचं त्यांच्या कानावर आलं. तो दिवस शुक्रवार होता.

"आज चालवतच असंल ती. चल रं रवी, कुलूप लावून येव."

धामणकर नाक्यावर रिक्षा अडकली तेव्हा आबा एकीकडे ट्रॅफिकला आणि एकीकडे जावयाला झापत होते. मला मात्र सुजाताची काळजी वाटत होती.

नारपोलीत पोचलो तर शेडमध्ये चिडीचूप. कमरेला ओढणी बांधून सुजाता एकटीच लूमला तेल घालत होती.

"बाबा? आज कसे काय?"

"ऑर्डर घाईची हाय ना?"

"आहे ना. अन्सारीचाचा म्हणत होते, नमाज झाली की कामावर येतो. मीच नको म्हटलं. शुक्रवार आहे आज."

आबांनी खिशातलं कुलूप खिशातच ठेवलं. पडद्याचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. "कापड बरा हाय," एवढंच म्हणाले. परतताना रिक्षातूनच गोडाऊनवाल्याला फोन लावला. "शेड न्हाय देत. माझा मॅनेजर हाय तिथं."

सुजाताला जाणारे फोन त्या दिवसापासून बंद झाले. जावयाला शिव्या मात्र शेवटपर्यंत चालू राहिल्या.

आबा गेले ते एका मंगळवारी. अन्सारीचाचांसकट सगळे कारागीर अंजूरला आले होते. सुजाताने लूम बंद ठेवले होते. नातेवाइकांना कळवायचं म्हणून कुणीतरी आबांचा फोन माझ्या हातात दिला, आणि तेवढ्यात स्क्रीनवर त्या खेळाचा मेसेज उमटला, 'गिरणी जोरात चालू आहे.' मला रडता रडता हसू फुटलं. आबांच्या सगळ्या कारभारात तेवढा एक जावईच त्या दिवशी कामावर होता.