उशिराची काळी

आता त्या द्राक्षाची मोठमोठी पोस्टरं लागतात. विमानतळावर, बँकांच्या कॅलेंडरवर, सरकारी माहितीपत्रकावर, जिथे पाहावं तिथे तोच काळाजांभळा घड आणि खाली लिहिलेलं: आमच्या देशाचं द्राक्ष. परदेशी पाहुण्याच्या हातात पहिला ग्लास या काळीच्याच तांबड्या वाइनचा देतात. चांगलं आहे, कुणाचं कौतुक होत असेल तर आपण कशाला नाक मुरडा. पण ज्या देशाला आज तिच्याबद्दल एवढं प्रेमाचं भरतं आलंय, त्याच देशानं दोन पिढ्या तिला कच्ची तोडली, दुसरीच्या नावावर खपवली आणि वर तिलाच नावं ठेवली, हे काही पोस्टरवर कुणी छापत नाही. मग घाईमुकादमांचं नाव छापायचा तर प्रश्नच येत नाही.

घाईमुकादम हे अर्थात लोकांनी ठेवलेलं नाव. टेकडीच्या उतारावर एक मोठी द्राक्षबाग आहे, तिचे ते मुकादम. छाटणीला माणसं लावायची, तोडणी उरकायची, घड क्रेटमध्ये भरून खालच्या वाइनच्या कारखान्यात धाडायचे, हे त्यांचं काम. माणूस हाडाचा प्रामाणिक, पण कायम घोड्यावर बसलेला. चहाला फुंकर घालायलाही यांना वेळ नाही, त्यामुळे जीभ बारा महिने पोळलेली. बस यायच्या कितीतरी आधी थांब्यावर जाऊन उभे राहणार आणि बस वेळेवर आली तरी ड्रायव्हरला उशिराबद्दल बोल लावणार. त्यांची आई सांगायची, "हा पोटातसुद्धा नऊ महिने थांबला नाही. सातव्यातच बाहेर आला, आणि आल्या आल्या रडायला लागला, की दूध कुठंय."

बायको नेमकी उलट मिळाली. बोलणं सावकाश, चालणं सावकाश, हसूसुद्धा आधी डोळ्यांत यायचं आणि मग ओठांवर. दोघं बाजाराला निघाली की मुकादम पुढे आणि ती मागे. ते कोपऱ्यावर पोचून तिची वाट बघत उभे राहायचे. ती येऊन पोचली की "आलीस एकदाची" म्हणायचे आणि लगेच पुढे चालू पडायचे. म्हणजे बघा, दर कोपऱ्यावर विसावा मिळायचा तो त्यांना. तिला मिळायचाच नाही. सबंध संसार असा झाला.

मुकादमांना अभिमान एकाच गोष्टीचा. सगळ्या खोऱ्यात तोडणीची पहिली गाडी त्यांच्या बागेची सुटायची. कारखान्याच्या फाटकात मालक स्वतः उभे असायचे, मुकादमांच्या चिकट हाताशी हात मिळवायचे, आणि त्या एका हस्तांदोलनावर मुकादमांचं वर्ष निघायचं.

आता त्या वाइनविषयी. वाईट नव्हती, पण घोट संपता संपता एक हिरवट चव जिभेवर यायची, कच्ची ढबू मिरची चावल्यासारखी. गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं. मालकांनी पाणी कमी करून पाहिलं, खत बदललं, टाक्या बदलल्या. मुकादम म्हणायचे दोष टाकीवाल्याचा. टाकीवाला म्हणायचा दोष मुकादमाचा. बिचाऱ्या वेलीला कुणी काही विचारलं नाही. बागेतल्या झाडून सगळ्या वेलींना एकच नाव होतं, काळी. आजोबांच्या काळात समुद्रापलीकडून कुणीतरी काड्यांची मोळी आणली, लावली, ती काळी.

तोडणीत पानांआड दडलेले थोडे घड राहून जातात. ज्याला हवे त्यानं न्यावेत, कुणी विचारत नाही. मुकादमांची बायको तोडणी संपल्यावर तीन-चार आठवड्यांनी, पानं लाल व्हायला लागली की पिशवी घेऊन बागेत जायची. सगळ्याच वेलींकडे नाही, काही ठरलेल्या वेलींकडे. घरी आली की म्हणायची, "अहो, खाऊन बघा. आता खरी पिकलीत."

"उरलंसुरलं खायला मी काय पाखरू आहे?"

मुकादमांनी द्राक्षं आयुष्यभर चाखली, पण खाल्ली कधी नाहीत. तोडणीआधी एक मणी तोंडात टाकायचा, साखर भरली का बघायचं आणि थुंकायचं, एवढाच त्यांचा आणि द्राक्षाचा संबंध.

त्या वेली पुढच्या वर्षी सापडाव्यात म्हणून ती त्यांच्या बुंध्याला जुन्या चादरीच्या चिंध्या बांधायची. हिवाळ्यात छाटणीला मुकादम जायचे आणि दिसेल ती चिंधी कात्रीनं उडवायचे.

"ही बाग आहे की कपडे वाळत घालायची दोरी?"

"असू द्या हो. या वेली वेगळ्या आहेत. यांना उशीर लागतो."

"वेलीला उशीर, तुला उशीर. जगानं थांबून राहावं तुम्हा दोघींसाठी."

ती वाद घालायची नाही. पुढच्या वर्षी पानं लाल झाली की त्याच वेलींना नव्या चिंध्या.

मग ती आजारी पडली. शहरातल्या दवाखान्यात ठेवावं लागलं. लेक तिथेच एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती, ती उशापायथ्याशी असायची, आणि मुकादम रोज संध्याकाळच्या बसनं जाऊन यायचे. खुर्चीवर नीट टेकायच्या आतच त्यांची नजर घड्याळाकडे जायची. तोडणीच्या आदल्या संध्याकाळी तिनं त्यांची बाही धरली. ती असं कधी करायची नाही.

"उद्या राहाल का इथं?"

"उद्या पहिली गाडी आहे. ती फाटकात शिरली की तसाच येतो."

ती बाही सोडून म्हणाली, "बरं. सावकाश या."

गाडी पहिली गेली. मालकांनी हात मिळवला. मुकादम हातसुद्धा न धुता बसमध्ये चढले. दवाखान्यात पोचले तेव्हा पलंगावर धुतलेली चादर घातलेली होती आणि लेक बाहेरच्या बाकावर आईची चप्पल मांडीवर घेऊन बसली होती. मुकादमांना उभ्या आयुष्यात एकदाच उशीर झाला, आणि तो तिथे झाला.

त्यानंतरच्या वसंतात बागेत एक बाई आल्या. पानं बघून वेलीची जात सांगणं हा त्यांचा धंदा, म्हणून मजुरांनी लगेच त्यांचं नाव पानवाल्या बाई ठेवलं. मालकांनीच बोलावलं होतं, हिरवट चवीचा सोक्षमोक्ष लावायला. बाई ओळीओळीनं कोवळं पान उलटं करून बघत होत्या, आणि मुकादम पिवळ्या रंगाचा डबा घेऊन त्यांच्या मागे. दुपारपर्यंत बाईंनी सांगून टाकलं. त्या जुन्या मोळीत एक नाही, दोन जाती होत्या. दिसायला सख्ख्या बहिणी, पण एक लवकर पिकते आणि दुसरी तीन-चार आठवडे मागून. तुम्ही दोघींना एकाच दिवशी तोडता. ती हिरवट चव म्हणजे दुसरीचा कच्चेपणा, बाकी काही नाही. तिच्या मायदेशात तर ती जवळजवळ नाहीशी झालेली, आणि तुमच्याकडे बघा, खोरंभर आहे.

मालकांना आनंद झाला. मजुरांना गंमत वाटली. बाई बोट दाखवतील त्या वेलीवर पिवळा ठिपका द्यायचा, एवढंच मुकादमांचं काम होतं, पण तिसऱ्या-चौथ्या ठिपक्यालाच ते वाकून बुंधा निरखायला लागले. ही वेल त्यांच्या ओळखीची होती. हिच्यावरून त्यांनी चिंधी कापली होती. त्या पलीकडचीवरूनही. पुढच्या ओळीतली, बांधाकडेची, विहिरीजवळची, सगळ्या त्याच. बाई बोट दाखवायच्या आधीच त्यांना कळायला लागलं होतं. विहिरीजवळच्या वेलीच्या बेचक्यात त्यांच्या कात्रीतून सुटलेली एक चिंधी अजून होती, सालीत अर्धी गाडली गेलेली. मुकादमांनी तिच्यावर रंग लागू दिला नाही.

त्या वर्षी लवकरची काळी वेळेवर तोडली गेली. पहिली गाडी दुसऱ्याच कुणाच्या बागेची होती. मुकादमांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना आता एकच गोष्ट हवी होती: ती 'खाऊन बघा' म्हणायची ते एकदा खायचं होतं, तिच्या वेळेला, पूर्ण पिकलेलं. ते रोज ओळींमधून फिरायचे, पत्र्याचा डबा वाजवून पाखरं हाकलायचे, पण मणी तोंडात टाकायचे नाहीत.

आणि नेमके ढग आले. मालक गाडी घेऊन वर आले.

"मुकादम, उद्या तोडून टाका. हिरवट तर हिरवट. निदान हाताशी तरी लागेल."

"थांबा," मुकादम म्हणाले.

मागे मजुरांत कुणीतरी खुदकन हसलं. "घाईमुकादम थांबा म्हणतात. आता पाऊस खालून वर पडेल."

"आणि सगळं कुजलं तर?" मालकांनी विचारलं.

"तर उद्यापासून दुसरा मुकादम बघा. पण हिला अजून तोडायची नाही. आजवर कुणी थांबलं नाही हिच्यासाठी. मी तर नाहीच नाही."

मालकांनी एकदा ढगांकडे बघितलं आणि गाडी खाली वळवली.

पाऊस आलाच. नशीब म्हणायचं, दुपारभरच पडला. खालच्या ओळींतले मणी तडकले, बुरशी धरली, ते घड कापून फेकावे लागले. मुकादमांनी ते स्वतः कापले, मजुराला हात लावू दिला नाही. वरच्या ओळी तगल्या. मग ऊन पडलं, वारा सुटला, आणि काही दिवसांनी पिवळा ठिपका असलेल्या तेवढ्याच वेलींची पानं लालभडक झाली. सगळ्या टेकडीवर कोण कुठे आहे ते खालच्या रस्त्यावरूनही दिसत होतं. इतकी वर्षं दिसतच होतं खरं तर. पण तोडणी झाल्यावर बागेकडे वळून बघणारी माणसं ती नव्हती.

लेक सुट्टीची आली होती. मुकादम तिला विहिरीजवळच्या वेलीपाशी घेऊन गेले. एक घड कापला. मणी तोंडात टाकला आणि सवयीनं थुंकायला निघाले, तेवढ्यात थांबले. हिरवटपणाचं नाव नव्हतं. मऊ, दाट, गोड, आणि गोडामागून किंचित मिऱ्याची चाहूल. त्यांनी तो सालीसकट, बियांसकट गिळला. मग दुसरा. मग ते भराभर खायला लागले, आणि लक्षात आल्यावर एकेक मणी खायला लागले.

लेकीनं एक मणी तोंडात टाकला. "हो, हीच."

"तू कुठं खाल्लीस?"

"कुठं म्हणजे? आई दर वर्षी द्यायची की. अर्धी मला आणि अर्धी तुमची."

"माझी?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीत ताटली असायची ना? ती तुमची."

ताटली मुकादमांना आठवत होती. सुरकुतलेल्या द्राक्षांची ताटली, आणि तिच्यावरून त्यांनी दर वर्षी केलेली कटकट. चिलटं होतात, फेकून दे ती घाण.

"मी म्हणायचे, अगं, ते नाही खायचे, मला दे," लेक सांगत होती. "तर म्हणायची, राहू दे. एखाद्या वर्षी मागतील, आणि नेमकी घरात नसतील. पार सुकेपर्यंत ठेवायची. मग एक दिवस ताटली धुऊन टाकायची."

घड हातात तसाच धरून मुकादम वेलीच्या बुंध्याशी खाली बसले. कपड्यांना माती लागेल म्हणून एरवी ते कधी बसत नसत. लेक त्यांच्या शेजारी बसली. मुकादम रडत होते आणि रडता रडता खात होते, आणि तिनं त्यांना यातलं काहीच करू नका म्हटलं नाही.

बऱ्याच वेळानं खालच्या रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. लेक उठली, कपडे झटकले.

"बाबा, चला. तुम्हीच मला सोडायला येणार होतात. बस चुकेल."

"चुकू दे," मुकादम म्हणाले. "मागून येते ना दुसरी. तोवर थांबू."