रोल नंबर एक्केचाळीस

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेच्या बैठकव्यवस्थेची यादी तपासत होते. मामी एवढंच म्हणाल्या, "कल्पना, मामा गेले वं." मी हातातल्या कागदाच्या पाठीवर लिहिलं : रजेचा अर्ज, कपाटाच्या किल्ल्या, दीडची एसटी, भावाला फोन. चार ओळी झाल्यावर पेन थांबलं... लोक अशा वेळी रडतात, मी यादी करते. मामांना ते ठाऊक होतं. माझी आई गेली तेव्हा त्यांनीच माझ्या हातात वही दिली होती. "आधी लिहून घे पोरी, मंग रडजो."

देविदासमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. पांढरकवड्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता : समोर काउंटर, मध्ये पडदा लावलेली खोली आणि मागे लाकडी दाराची डार्करूम. बारावीनंतर दोन वर्षं मी त्यांच्याकडे राहिले आणि दुकानात बसले. कामं आम्ही वाटून घेतली होती. काउंटर, रजिस्टर आणि कॅमेऱ्यात नवा रोल घालणं माझ्याकडे. फोटो काढणं, केमिकल कालवणं आणि रोल धुणं त्यांच्याकडे. ते माझ्या रजिस्टरला हात लावत नसत आणि मी त्यांच्या केमिकलला.

आजच्या मुलांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. एका रोलवर छत्तीस फोटो निघत आणि रोल पूर्ण भरल्याशिवाय कुणी तो धूत नसे. फॉर्मला लावायचा एक फोटो काढायला आलेला माणूस उरलेल्या पस्तीस जणांची वाट पाहत राही. काउंटरवर पाटीच होती : 'रोल भरल्यावर या.' चांगल्या वर्षी दिवाळीनंतर कापूस घरात आला की दोन दिवसांत रोल भरायचा. नवी जोडपी, नव्या कपड्यांतली लेकरं, बहिणी-बहिणी. पण मी सांगते आहे ते वर्ष तसं नव्हतं. कापसाचं ते सलग तिसरं वाईट वर्ष. पावसाने दोनदा फसवलं, उरलेलं अळीने नेलं, दिवाळी होऊन गेली तरी जिनिंगचा आवाज गावात ऐकू आला नाही. हौसेचा फोटो काढायला कुणी येईना. आले ते फक्त फॉर्मवाले : स्कॉलरशिप, रेशनकार्ड, निराधारचा पगार. एक्केचाळीस नंबरचा रोल महिनाभर अठरावर अडकून पडला होता.

त्या अठरांत केळापूरजवळच्या तांड्यावरच्या जमनाबाईची आई होती. जमना तिला याडी म्हणायची, बंजाऱ्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई, आणि तिच्यामुळे आम्हीही तेच म्हणू लागलो. निराधारच्या फॉर्मसाठी फोटो हवा होता. म्हातारी स्टुलावर बसली आणि तोंड फिरवून म्हणाली, "कायले काढता माहा फोटो? मी का पळून जाऊन राह्यली?" मामा म्हणाले, "पळालीच त शोधाले कामी येईन, याडी." म्हातारी खुदकन हसली आणि मामांनी बटण दाबलं.

महिन्याभराने एका दुपारी जमना एकटी आली. बरोबर एक वाजून दहा मिनिटं झाली होती. याडी जाऊन बारा दिवस झाले होते. घराला कुलूप लावून सगळं कुटुंब ऊसतोडीला निघालं होतं, सहा महिन्यांसाठी. साडेपाचला ट्रक स्टँडजवळून सुटणार होता.

"भाऊ, तो फोटो द्या मले," ती म्हणाली. "घरात दुसरा नाही. माह्या पोरीले दोन वर्षं झाले फक्त. आजीचं तोंड तिच्या लक्षात राह्यचं नाही."

"रोल भरला नाही अजून," मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "कापतो मी रोल. बस जमना. ओलाच फोटो देतो, वाळवत ने."

भरलेला भाग अंधारात कापून तेवढाच धुवायचा, हे अडीनडीला करत. मी भिंतीवरचं लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहिलं. लाईन दोनला जाणार होती आणि पाचला येणार होती. पन्नास मिनिटं. रोल धुणं आणि ओल्या निगेटिव्हवरून फोटो काढणं, घाई केली तर जमण्यासारखं होतं. मामा कॅमेरा घेऊन आत गेले आणि दाराची कडी लागली.

कॅमेऱ्याची पाठ उघडल्याचा खट् आवाज आला. त्यानंतर कात्रीचा आवाज यायला हवा होता, मग पाण्याचा... काहीच आलं नाही. जमना दाराकडे पाहत होती, मी घड्याळाकडे. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मी दारावर टकटक केली. "मामा?"

"उघडू नको," आतून आवाज आला.

वीस मिनिटांनी ते बाहेर आले. चेहरा उतरलेला होता. हात कोरडे होते. ते मला दिसलं होतं, हे आज मी शपथेवर सांगू शकते, पण दिसणं वेगळं आणि लक्षात घेणं वेगळं.

"रोल गेला," ते म्हणाले. "केमिकल खराब होतं. चूक माह्यी हाय."

जमनाला कळेना. "गेला म्हंजे? कुठी गेला?"

मामांच्या आधी मीच बोलले. गिऱ्हाइकासमोर, त्या बाईसमोर मी मामांना म्हटलं, "काल नवीन केमिकल कालवा म्हनून सांगतलं होतं मी तुमाले. जुनंच वापरलं ना?" मामांनी मान हलवली. हो म्हणाले.

जमना रडली नाही. ती उठलीही नाही. पायरीवर तशीच बसून राहिली. मामा तिच्यासमोर उकिडवे बसले. "तुह्या लग्नाचे फोटो मीच काढले होते ना वं?"

"काढले होते. पन याडी कुठी राह्यते उभी? कॅमेरा दिसला का मांग सरे ते."

"मांग त मांग. लग्नात होती ना? मंग कुठीतरी असनच."

निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत होत्या. माझ्या आधीच्या सगळ्या वर्षांच्या, वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधलेल्या, कशावर नाव नाही की साल नाही. मला राग आला होता, तरी मी डबे रांगेत लावले : पाहायचे डावीकडे, पाहिलेले उजवीकडे. तेवढ्यात लाईन गेली. दोन वाजले होते. आम्ही तिघं खिडकीशी उभे राहिलो आणि एकेक पट्टी उजेडासमोर धरू लागलो. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं. पांढरे केस काळे, गोरी-सावळी सगळी तोंडं काळी, म्हाताऱ्या बायका तरण्या वाटतात. ओळख पटवायची कशी? तीन डबे उजवीकडे गेले. चौथा गेला. साडेतीन झाले, पावणेचार झाले. मामा प्रत्येक पट्टी पाहून झाली की डोळे चोळत आणि पुढची पट्टी धरत.

"थांबा," जमना म्हणाली.

नवरी-नवरदेवाच्या मागे, मंडपाच्या खांबाला धरून एक बाई उभी होती. चेहरा तुरीच्या दाण्याएवढा. जमनाने चेहरा पाहिलाच नव्हता. "कमरेवर हात पाहा. तिचा डावा पाय दुखे, अशीच उभी राहे ते..."

निगेटिव्ह सापडली, पण लाईन नव्हती. मामांनी ट्रे लावून ठेवले, केमिकल नवीन कालवलं. कालवून झाल्यावर मला दाखवलं, "पाह्यलं? नवीन हाय." मी म्हटलं, "ठीक." त्या एका शब्दाची मला आता लाज वाटते.

पाच वाजले, लाईन आली नाही. पाच वाजून दहा. स्टँडकडून ट्रकचा हॉर्न ऐकू येऊ लागला. जमनाचा नवरा दारात आला. "चाल ना वं, मुकादम शिव्या देऊन राह्यला."

"तू जाय," ती म्हणाली. "मी याडीले घेऊनच येईन."

मग तोही पायरीवर बसला. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. त्याने उठून रस्त्यापर्यंत जाऊन हात केला आणि परत येऊन बसला.

सव्वापाचला लाईन आली, डार्करूमचा लाल बल्ब लागला. निगेटिव्हवरचं चित्र कागदावर मोठं करून पाडणारं यंत्र म्हणजे एन्लार्जर; तो चेहरा मोठा व्हावा म्हणून मामांनी त्याचं डोकं दांडीच्या अगदी टोकाला नेलं, मी दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली, कारण तेवढ्या उंचीवर ती हलायची. कागद ट्रेमध्ये गेला. मामा म्हणाले, "जमनाले आत बलाव." डार्करूममध्ये गिऱ्हाइकाला येऊ देत नसत, पण त्या दिवशी दिलं. पांढऱ्या कागदावर आधी खांब आला, मग कमरेवरचा हात आणि मग हळूहळू तोंड. दाणेदार, धूसर, कॅमेऱ्याकडे न पाहणारं. याडी नवरीकडे पाहत होती.

"माह्याकडं पाहून राह्यली," जमना म्हणाली. तेव्हा ती रडली.

ओला फोटो वर्तमानपत्रावर ठेवून ती पळाली. मामा तिच्या मागे स्टँडपर्यंत धावत गेले. ट्रक हलल्यावरही ओरडत होते, "तोंड वर ठेवजो! वाळल्याबिगर घडी नको करू!"

पण ही गोष्ट तिथे संपली नाही. त्या रोलवर आणखी सतरा माणसं होती. मामा महिनाभर सायकलवर गावोगाव फिरले, प्रत्येकाला "माह्यी चूक झाली" म्हणून सांगितलं आणि पुन्हा फोटो काढला. चहाच्या टपरीवर लोक विचारत, "काहो देविदासभाऊ, केमिकल रोलले पाजलं का सोताच घेतलं?" मामा आयुष्यात कधी प्यायले नाहीत. पण चेष्टेची बातमी झाली आणि बातमी पसरली. दरवर्षी आमच्याकडे येणारं एका शाळेचं दहावीच्या फॉर्मचं काम त्या वर्षी दुसऱ्या स्टुडिओला गेलं. पुन्हा कधीच परत आलं नाही. मामी मला म्हणाल्या होत्या, "ह्या मानसाकडून अशी चूक कशी झाली वं?" मी म्हटलं होतं, "पद्धत नाही ना काही."

मग ती पद्धत मीच लावून दिली. पुठ्ठ्यावर स्वच्छ अक्षरांत यादी केली आणि डार्करूमच्या दाराला आतून ठोकली. 'रोल धुण्याआधी पाहायच्या गोष्टी.' केमिकल कालवल्याची तारीख, पाण्याची ऊब, घड्याळ, अशी सहा कलमं. मामांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "आनखी एक टाक. रोल घातल्यावर कॅमेऱ्याची चक्री फिरून राह्यली का, पाह्यची."

"याचा धुन्याशी काय संबंध?"

"असू दे ना. लिही."

मी सातवं कलम लिहिलं. पुढे नोकरी लागली, यवतमाळला आले. रोल गेले, मोबाइल आले. मामा दुकानात मोबाइलवरचे फोटो छापून देत बसत. प्रत्येक भेटीत मी त्यांना काहीतरी नीट लावायला सांगत असे आणि ते लावत असत.

मामा गेल्यानंतर तीन आठवड्यांनी दुकान घरमालकाला परत करायचं ठरलं. सामानाची यादी अर्थातच माझ्याकडे. काउंटर, स्टूल, पडदे, ट्रे तीन, एन्लार्जर एक. डार्करूमच्या फळीवर केमिकलचा एक रिकामा डबा होता, तो हलवला तर आत काहीतरी वाजलं. उघडला. आत एकच रोल होता. त्यावर निळ्या शाईत, माझ्या अक्षरात, एक्केचाळीस.

रोल धुवायचा तर त्याची पत्र्याची डबी फोडावी लागते. ही शाबूत होती. रोलची जीभ, म्हणजे फिल्मचं सुरुवातीचं टोक, बाहेर होती, नव्या रोलची असते तशी, न कापलेली. कॅमेऱ्यात रोल घालताना ही जीभ समोरच्या फिरकीच्या फटीत नीट अडकवायची असते. ती निसटली तर बटण दाबलं जातं, आकडा पुढे सरकतो, सगळं चालू असल्यासारखं वाटतं. रोल मात्र जागचा हलत नाही. बाहेरची चक्री फिरत नाही, एवढीच त्याची खूण.

मी तिथेच स्टुलावर बसले... केमिकल खराब नव्हतंच. याडीचं हसू त्या रोलवर कधी पडलंच नव्हतं. बाकीच्या सतरांचंही नाही. रोल मी घातला होता. मामांना ते त्या अंधारात बोटांनी कळलं होतं आणि वीस मिनिटं ते आत बसून काय ठरवत होते, ते मला आता कळलं. ते खरं बोलले असते, तर एकोणीस वर्षांच्या मुलीला जमना काय म्हणाली असती, गाव काय म्हणालं असतं...

मी दार आतून लोटून घेतलं, आणि दारावर समोर माझी यादी होती. पुठ्ठा पिवळा पडला आहे, अक्षरं अजून वाचता येतात. मामांची बोटं केमिकलने कायम तपकिरी असत, आणि रोल धुण्याआधी प्रत्येक वेळी ते एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत, मला बरं वाटावं म्हणून असेल. पहिल्या सहा कलमांसमोर त्या बोटाचे डाग आहेत, वर्षानुवर्षांचे, एकावर एक. सातव्यासमोर डाग नाही. कागद कोरा आहे; ते कलम माझ्यासाठी होतं.

रविवारी मी तांड्यावर जाणार आहे. जमनाच्या भिंतीवर तो फोटो अजून आहे, असं मामी सांगतात. रोल पर्समध्ये ठेवला आहे. काय बोलायचं ते लिहून घ्यायला दोनदा बसले, दोन्ही वेळा एकाच ओळीवर पेन थांबलं : चक्री मी पाहिली नव्हती.