भागीची माडावरची पँट

गोव्यातल्या हळर्णात माडावर चढणारी बाई एकच, भाग्यलक्ष्मी परब. गाव तिला भागी म्हणतं. तिच्या आणि माझ्या घरामध्ये चिऱ्यांचा एक गडगा आहे, कंबरेइतका. त्यामुळे तिकडचं बोलणं इकडे ऐकू येतं आणि मान वर केली की दिसतंही.

तिचा नवरा धाकू हा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. पेडण्यात आपल्यासारखा दुसरा नाही असं तो स्वतःच सांगायचा, आणि ते खरं होतं. काष्टी मारून, पायांत दोरीचं कडं अडकवून तो उघड्या अंगाने वर जायचा. नडग्यांची कातडी कासवाच्या पाठीसारखी झालेली. चार वर्षांपूर्वी तो पडला आणि कंबरेखालचं अंग गेलं. हात आणि जीभ तेवढी शाबूत राहिली. मूलबाळ नव्हतं.

भागीने वर्षभर लोकांची शेतं लावली, भांडी घासली. मग तालुक्याला बायकांसाठी यंत्रावरून माड चढायचं सहा दिवसांचं शिक्षण होतं, तिथे जाऊन आली. लोखंडाच्या दोन पायट्या, त्यांच्या तारा माडाला वेढायच्या, एक पाय उचलायचा, मग दुसरा. ते यंत्र खांद्यावर घेऊन ती घरी आली तेव्हा धाकू खाटेवरून म्हणाला, "यंत्र घेवन माकडय चडतला." पहिल्या दिवशी ती वीस फुटांवरून खाली आली आणि ओकली. दुसऱ्या आठवड्यात शेंड्याला पोचली.

अडचण कपड्यांची होती. साडी नेसून चढता येत नाही, म्हणून ती सलवार घालायची. केरीला समुद्राजवळच्या एका भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, सलवारीचा घेर तारेत अडकला. तीस फुटांवर ती ना वर जाईना, ना खाली. अर्धा तास लोंबकळली. शेवटी कोयतीने गुडघ्यापासून मांडीपर्यंत सलवार स्वतःच फाडली आणि उतरली. खाली भाटकाराचा, बागेच्या मालकाचा, पुतण्या निहार मोबाइल धरून उभा होता. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला. माझ्याही. मी तो दोनदा पाहिला.

धाकूला तो त्याच्या जुन्या जोडीदाराने, गौरेशने, दाखवला. रात्री ती जेवण वाढत असताना धाकूने विचारलं, "नारळ कितके पाडलंय, आनी बघपी कितके जमले?" भागीने ताट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा केरीलाच होती. माडावरून तिला किनाऱ्याच्या टोकाला कातळावर चढणारी एक मुलगी दिसली. तिचं नाव सुविधा, सांखळी गावची. पर्यटकांना दोर बांधून कातळ चढवणं हे तिचं काम. भागीचं लक्ष दोराकडे गेलंच नाही. मुलीचा गुडघा छातीला लागत होता आणि पँट कुठेही ताणून बसत नव्हती. उतरल्यावर भागी सरळ तिच्याकडे गेली आणि पँटचं कापड हातात धरून पाहिलं.

सुविधाने तिला नीट समजावून सांगितलं. याला सॉफ्टशेल म्हणतात. आडवं, उभं, तिरकं, कसंही ताणलं तरी परत जागेवर येतं. खडक घासला तर कातडीपर्यंत पोचत नाही. दव, शिंतोडे वरच्या वर राहतात, पण खरा पाऊस हे कापड थोपवत नाही; दुकानदार काहीही म्हणो. आतून लव असलेलं जाड कापड बर्फातल्या डोंगरांसाठी. आपल्याकडे ते घेऊ नये, माणूस उकडून निघतो. पातळ, एकपदरी घ्यावं. आणि दोन पायांच्या मधे चौकोनी तुकडा वेगळा शिवलेला आहे का ते पाहावं. तो नसला तर सगळा ताण एकाच शिवणीवर येतो.

भागीने विचारलं, एवढे पैसे घालण्यासारखी आहे का?

"पडलंस तर ती तुका धरूची नाय," सुविधा म्हणाली. "पण तुजो पाय अडवूची नाय."

शुक्रवारी भागी म्हापशाच्या बाजारात गेली. परदेशी पाठवायच्या मालातून उरलेल्या कपड्यांचे ढीग तिथे लागतात. तिच्या मापाची एकच निघाली, तीही आतून लव असलेली. माहीत असूनही घेतली. एप्रिलचे दिवस. पंधरा दिवसांत मांड्यांवर घामोळं उठलं, मग गळवं. लव ओरबाडून काढायला गेली तर ती डिंकाने चिकटवल्यासारखी कापडाला धरून बसलेली. ती पाय फाकवून चालायला लागली, तशी धाकूला चालण्याची नक्कल करता येईना म्हणून तो हातांनी करून दाखवायचा, आल्यागेल्यासमोर.

पाचव्या शुक्रवारी हवी तशी मिळाली. राखी रंगाची, पातळ, मधे चौकोनी तुकडा लावलेली. दोन दिवसांची मजुरी गेली. माझी बायको वत्सला हिला भागी सांगत होती, पाय उचलायच्या आधीच कापड वर गेलेलं असतं गे. दिवसाला बारा माड व्हायचे ते वीस व्हायला लागले. बायका नाकं मुरडायच्या, इतकी अंगाला बसणारी पँट घालून वर चढते म्हणून. पण नारळ पाडायला माणूस मिळत नाही, त्यामुळे त्यांच्याच घरची बोलावणी यायची. एका सकाळी पेडण्याहून एक गृहस्थ आला आणि आमच्या वाटेवर उभा राहून मोठ्याने विचारू लागला, भागीचं घर कुठलं? इतकी वर्षं त्या घराला धाकूचं घर म्हणत होते. धाकूची खाट जनेलाशीच, उघड्या खिडकीखाली होती. त्याने ऐकलं.

त्यानंतर आठ दिवसांनी देवळाच्या जत्रेची तयारी होती. शेजारच्या भाटातले नारळ उतरवायचे होते आणि मांडव घालायला अर्धा गाव जमला होता. भागी तिसऱ्या माडावर, शेंड्याच्या जवळ. तिने उजवा पाय उचलला आणि पँट मधून उकलली. पुढून मागेपर्यंत, एका झटक्यात. खाली आधी कुणीतरी शीळ घातली, मग हसू पसरलं. उतरायला पाय उचलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. प्रत्येक पायटीला ती उकल वाढत होती आणि प्रत्येक पायटीला खालून आवाज येत होता. या वेळी मोबाइल एकच नव्हता, बरेच होते.

ती खाली आली. दोन्ही हातांनी पुढून-मागून झाकून उभी राहिली. माझ्या खांद्यावर टॉवेल होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेल दिला असता तर त्याच संध्याकाळी माझंही नाव लोकांनी घेतलं असतं, असा विचार माझ्या मनात आला आणि मी टॉवेलने तोंड पुसलं. घरापर्यंतची वाट ती तशीच चालत गेली.

घरी येऊन तिने लुगडं गुंडाळलं आणि पँट उलटी करून उंबऱ्यावर घेऊन बसली. वत्सला तिच्याशेजारी जाऊन बसली होती, तिनेच मला हे सांगितलं. कापड कुठेही फाटलं नव्हतं, ओरखडासुद्धा नव्हता. शिवणीचा दोरा तेवढा तुटला होता, आणि त्याची टोकं सरळ होती, एकसारखी. बोटाबोटाच्या अंतरावर कापलेली. धाकू स्वतःची दाढी स्वतः करतो, त्याची पाती खाटेखालच्या डब्यात असतात, आणि धुतलेली पँट रात्री त्याच खाटेच्या कडेला वाळत असते. भागीने एकदा डब्याकडे पाहिलं आणि एकदा त्याच्याकडे. तो छताकडे बघत पडला होता. मासे गरवायचा नायलॉनचा दोरा घेतला आणि ती शिवण दुपदरी घातली.

सकाळी खाट ओढल्याचा आवाज आला म्हणून मी गडग्याशी गेलो. भागीने धाकूला खाटेसकट अंगणात आणलं होतं, माडाच्या मुळाशी. उन्हाला आणलं असं त्याला वाटलं असावं, तो पाणी मागत होता. तिने तीच राखी पँट घातली, यंत्र लावलं आणि वर गेली. खाली धाकूने डोळे मिटून घेतले होते.

"डोळे उघड," ती वरून म्हणाली.

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात नवऱ्याला तिने कधी एकेरी हाक मारली नव्हती.

पहिला नारळ त्याच्या पायांशी पडला. दुसरा डोक्याशी, खाटेच्या पायाला घासून. धाकूच्या लक्षात आलं. हातांनी तो खाटेची कड धरून अंग ओढू लागला, पण कंबरेखालचा भार हलेना. तिसरा उजवीकडे, चौथा डावीकडे. घाई नव्हती. एक कापायचा, तो कुठे पडला ते बघायचं, मग दुसरा. पाडेल्याची बायको ती. नारळ कुठे पडेल हे तिला कळत होतं. पण नारळ कधी झावळीला लागून वळतो, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही.

"कृष्णनाथा," धाकू माझ्याकडे बघून ओरडला, "खाट ओढ रे."

गडगा ओलांडायला मला एक टांग पुरली असती. नारळ आपल्याच डोक्यात बसेल, असं मी वत्सलेला नंतर सांगितलं. खरी गोष्ट अशी की मला शेवटपर्यंत बघायचं होतं. वाटेवर आणखी चौघे-पाचजण उभे होते. कुणीच हललं नाही. आदल्या दिवशी हसलेले तेच होते, पण आज कुणी मोबाइलही काढला नाही.

चौदा नारळ पडले. धाकूची लुंगी भिजली होती. भागी उतरली, नारळ गोळा केले, त्याला पुसलं, लुंगी बदलली, पाणी पाजलं. मग यंत्र उचलून कामाला गेली.

डिचोलीहून धाकूची बहीण गौरवी आली. धाकूने तिचे दोन्ही हात धरून, मला घेऊन जा म्हणून सांगितलं. तिने भावाची खाट पाहिली, त्याला उचलायला दोन माणसं लागतात ते पाहिलं, आणि दुपारचं जेवून परत गेली.

आता भागीकडे त्याच कापडाच्या दोन पँटी आहेत. तिला कामाची कमी नाही. धाकूचं जेवण वेळेवर असतं, अंग स्वच्छ असतं, पाठीला जखम नाही. डॉक्टरनेसुद्धा तिचं कौतुक केलं. फक्त कामाला निघताना ती त्याची खाट अंगणात, त्याच माडाच्या मुळाशी ओढत नेऊन ठेवते आणि संध्याकाळी आत घेते. माडाला नवे घड धरलेत. परवा मी गडग्यावरून ऐकलं, धाकू तिला विचारत होता, ते कधी पाडणार?

"तयार जाले की पाडतलंय," भागी म्हणाली, आणि यंत्र खांद्यावर घेतलं.

ती गेल्यावर तो मला हाका मारतो. दिवसातून पाच-सहा वेळा तरी. मी घरातच असतो.