आधी बॅकअप उघडून दाखव

ज्याचा कशावरच पटकन विश्वास बसत नाही, अशा माणसाभोवती किस्से आपोआप साठत जातात. त्यानं नुसता संशय घेत बसायचं. बाकीचं आपल्या हातून होत राहतं.

आमचे मामा तसे आहेत. सैन्यात सिग्नलमध्ये होते, सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि साताऱ्यात घर बांधून राहिले. त्यांच्याबरोबरचे लोक सकाळी फिरायला जातात, दुपारी पत्ते खेळतात. मामांनी पुढच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप मांडला आणि त्याच्यावर गेम सर्व्हर सुरू केला. खेळ ठोकळ्यांचा. ठोकळे फोडायचे, ठोकळे रचायचे, घरं बांधायची, शेती करायची. जग एकच, ते मामांच्या डेस्कटॉपमध्ये राहतं, आणि आम्ही चौघं आपापल्या घरून त्यात शिरतो.

चौघं म्हणजे मामा. मी, त्यांची भाची, सांगलीला एका कॉलेजात लॅब असिस्टंट. संपत, मामांचा भिंतीला भिंत लावून शेजारी, एमआयडीसीत लेथ मशीनवर असतो. आणि प्रकाश सर, खंडाळ्याजवळ शाळेत शिकवतात. प्रकाश माझ्या वर्गातला, पण आता मीसुद्धा त्याला सरच म्हणते.

चार वर्षांत आम्ही तिथं अख्खं गाव वसवलंय. तळं आहे, पूल आहे, संपतचा गोठा आहे. आणि त्या गावाला भीती एकाच गोष्टीची आहे. अपडेटची.

*

पहिला अपडेट मी केला. दिवाळीला मामांकडे गेले होते. माझ्या लॅपटॉपवरचा खेळ आपोआप नवा झाला आणि मामांचा सर्व्हर मला आत घेईना. व्हर्जन जुळत नाही, म्हणे. मामा बाजारात गेलेले. मी डेस्कटॉपवर बसले आणि सर्व्हरपण नवा करून टाकला. त्यात काय एवढं?

जग उघडलं. अर्धी टेकडी कापल्यासारखी गायब होती. गोठा हवेत तरंगत होता आणि पेट्या सगळ्या रिकाम्या. घाईघाईनं जुनं व्हर्जन परत टाकलं, तर त्याला हे नव्या पद्धतीनं साठवलेलं जग वाचताच येईना. बॅकअप नव्हता. तेव्हा आमच्यात तो शब्दही कुणी वापरत नव्हतं.

मामा आले, त्यांनी स्क्रीन बघितली आणि डायरी काढली. मग एकेकाला बोलावून चौकशी.

"सकाळी धा ते अकरा तू कुठं हुतास?"

"आवं सुभेदार, फर्स्ट शिफ्टला," संपत म्हणाला.

"साक्षीदार?"

"लेथ."

प्रकाश सरांची चौकशी फोनवर झाली. शेवटी माझा नंबर आला. मी म्हटलं, "मामा, मीच केलंय."

"ते मला आल्याआल्याच कळलंय," मामा लिहिता लिहिता म्हणाले. "बाकीच्या दोघांनी केलं न्हाई, याची खात्री करत हुतो."

गाव आम्ही पहिल्यापासून बांधलं. डेस्कटॉपला पासवर्ड आला. तो फक्त मामांना माहीत, दर महिन्याला बदलतो आणि त्यांच्या डायरीत लिहिलेला असतो.

*

त्यानंतर नियम झाला, बॅकअपशिवाय अपडेट नाही. शेजारी म्हणून ते काम संपतकडे. दर रविवारी तो मामांकडे यायचा, मामा पासवर्ड टाकून बाजूला व्हायचे, संपत सर्व्हर बंद करून जगाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचा. वर तारीख लिहायचा. लेथवरचा माणूस, काम नीटनेटकं.

आठ रविवार झाले. नवा अपडेट आला. मी साताऱ्यात गेले होते. मामा म्हणाले, "संपत, बॅकअप उघडून दाखव."

"दर रविवारी उघडून बघतोय की."

"कुठं?"

"इथंच. तुमच्या कॉम्प्युटरवर."

"आज हिच्या लॅपटॉपवर उघड."

संपतला ते लागलं. "सुभेदार, माझ्यावर विश्वास न्हाई व्हय?"

"तुझ्यावर हाय. पेनड्राइव्हवर न्हाई."

माझ्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह लावला. आठ फोल्डर, आठ तारखा, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एकच एवढीशी फाइल. संपतनं दर वेळी डेस्कटॉपवरचा शॉर्टकट उचलला होता. मामांच्या कॉम्प्युटरवर तो उघडायचा, कारण तिथं तो खऱ्या जगाकडे बोट दाखवायचा. माझ्या लॅपटॉपवर बोट दाखवायला काहीच नव्हतं.

संपतनं एकेक करून आठही फोल्डर उघडून बघितले. मामा रागावले नाहीत.

"म्हंजे आठ आठवडं तू घराचा पत्ता लिहून ठेवत हुतास," ते म्हणाले. "घर न्हाई."

तेव्हापासून बॅकअप आधी सांगलीला माझ्याकडे येतो. मी तो उघडते, आत जाऊन पूल ओलांडते, गोठ्यात गुरं मोजते आणि फोनवर सांगते. मगच मामा त्याला बॅकअप म्हणतात.

*

एक लहानसा किस्सा. अपडेट चालू असताना लाइट जायला नको म्हणून मामा रविवारी सकाळी ओळखीच्या वायरमनला फोन करतात. एकदा तो म्हणाला, "आज अजिबात जाणार नाही, बिनधास्त करा."

मामांनी फोन ठेवला. "हा एवढ्या खात्रीनं का बोलतोय?" आणि अपडेट रद्द. दिवसभर लाइट गेली नाही.

पुढच्या रविवारी वायरमन म्हणाला, "आज काय सांगता येत नाही बघा." मामा म्हणाले, "आज खरं बोलतोय," आणि अपडेटला बसले. लाइट दहाव्या मिनिटाला गेली. यूपीएस होता म्हणून निभावलं.

*

मग मी सुचवलं, की अपडेट आधी जगाच्या एका कॉपीवर करून बघू. ती कॉपी माझ्या लॅपटॉपवर चालवायची, सगळ्यांनी त्यात जाऊन फिरायचं, बिघडलं तर तिथंच बिघडेल. मामांना हे आवडलं. शत्रूला आधी दुसऱ्याच चौकीवर येऊ द्यायचं, असं काहीतरी म्हणाले.

शनिवारी कॉपी सुरू केली. प्रत्येकाच्या यादीत आता एकसारखी दोन नावं दिसायला लागली, एक खऱ्या जगाचं, एक चाचणीचं. रविवारी संध्याकाळपर्यंत काही बिघडलं नाही. मी कॉपी पुसली आणि मामांनी खऱ्या जगावर अपडेट केला.

सोमवारी प्रकाश सरांचा फोन. "शाळा दिसत नाहीये."

"कुठली शाळा?" मामा म्हणाले.

"तळ्याच्या पलीकडची. चार वर्ग, फळे, बाकं, कुंपण. कालच पुरी केली."

मामांनी सर्व्हर जागच्या जागी थांबवला. अपडेटनं आज शाळा खाल्ली, उद्या काय खाईल? दोन दिवस ते बॅकअप आणि जग शेजारी शेजारी ठेवून कोपरा न् कोपरा तपासत होते. सरांनाही तीन वेळा फोन झाले. शाळा बांधली तेव्हा कुणी बघितली? फोटो आहे का? सर शिक्षक माणूस, आपल्यावर खोटं बोलण्याचा संशय येतोय हे त्यांना सहन होईना.

तिसऱ्या दिवशी मला कॉलेजात प्रॅक्टिकल चालू असताना एकदम आठवलं. मी सरांना विचारलं, "यादीतलं वरचं नाव उघडलं होतंस की खालचं?"

मग सर म्हणाले, "म्हणजे मी रंगीत तालमीतच लग्न लावून बसलो."

पुढच्या वेळेपासून मामांनी चाचणीच्या जगाचं नावच बदललं. यादीत आता ते असं दिसतं: 'इथं घर बांधू नये'.

*

एकदा आमच्या ग्रुपवर संपतचा मेसेज आला. एक फाइल आणि खाली, 'नवीन अपडेट आलाय, लगेच टाका.'

'लगेच' हा शब्द मामांना चालत नाही. त्यांनी संपतला फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"मी संपत."

"कशावरनं?"

"आवं, आवाज वळखंना व्हय?"

"आवाज कुणाचाबी काढता येतोय आता. माझ्या गेटाला रंग कुठला?"

"मी तुमच्या गेटातच उभा हाय, सुभेदार. खिडकीतनं बघा."

मामांनी पडदा सारून बघितलं. संपत कानाला फोन लावून उभा होता. तरी मामांनी त्याला हात वर करायला सांगितला. त्यानं केला.

"आता सांग, फाइल कुठनं आणलीस?"

एका व्हिडिओखाली लिंक होती, तिथून. आम्ही खेळ बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या पानावर जाऊन बघितलं, तर असा कुठला अपडेट आलेलाच नव्हता. मग त्या फाइलमध्ये होतं काय, ते कधीच कळलं नाही. मामांनी ती कुणाला उघडू दिली नाही.

संपत मात्र घुश्शात. "फाइल खोटी हुती, मग मला कशाला तपासलंसा?"

"फाइल चोराची असंल तर पुसून टाकता येती रं," मामा म्हणाले. "तूच चोर निघाला असतास तर चहा कुणासंगं प्यायचा?"

*

आता मामींचं सांगते. आत्तापर्यंत त्यांचं नाव आलं नाही, कारण त्या कधी मध्ये येतच नाहीत. आम्ही पुढच्या खोलीत भांडत असतो, त्या चहा ठेवून आत जातात. मामा-मामींना मूलबाळ नाही.

गेल्या वर्षी एक मोठा अपडेट आला. नवे डोंगर, नव्या नद्या. पण जुना डेस्कटॉप, जग फार जड झालेलं. ज्या भागात कुणी राहत नाही तो काढून टाकला तरच जमणार होतं. कुठल्या भागात माणसं किती वेळ थांबली, ते दाखवणारा एक नकाशा निघतो. तो मामांनी छापून आणला आणि रविवारी सकाळी आम्ही लाल पेन घेऊन बसलो. संपत आणि प्रकाश सर आपापल्या घरून हेडफोनवर होते.

नकाशात पार उत्तरेला, बर्फाच्या पलीकडे, एक बारका चौकोन होता. गावाच्या खालोखाल सगळ्यात जास्त वेळ तिथं गेलेला.

"तिथं कोण जातंय?" मामांनी विचारलं. कुणीच जात नव्हतं.

मामांनी परवानगीची यादी उघडली. आम्ही चौघं, आणि नावं पाच. पाचवं नाव कुणाच्या ओळखीचं नव्हतं. नोंदी बघितल्या. रोज दुपारी दोन ते चार. आम्ही कामावर असतो तेव्हा. मामा जेवून आतल्या खोलीत झोपतात तेव्हा.

"घुसखोर," मामा म्हणाले. "कुठनं येतंय बघ."

मी बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. "मामा, बाहेरून नाही. ह्याच कॉम्प्युटरवरून."

"पण पासवर्ड तर तुमालाच ठाऊक हाय," हेडफोनमधून संपत म्हणाला.

नाव काढायला मामांचा हात माउसवर गेला होता. मी म्हटलं, आधी जाऊन बघू तरी.

खेळात तिघं घोड्यांवरून निघाले, मी मामांच्या शेजारी बसून बघत होते. बर्फ ओलांडायलाच बराच वेळ गेला. संपत तलवार काढून पुढे. मग उतरणीवर एक घर दिसलं. दोन खोल्यांचं, उतरतं छप्पर, पुढं तीन पायऱ्या. मागं कपड्यांची दोरी. दाराशी एक झाड आणि झाडाखाली बाक.

"ट्रॅप असंल," संपत म्हणाला. "सुभेदार, थांबा."

मामा थांबले नाहीत. त्यांनी घराला एक फेरी मारली आणि दार उघडलं. आत चूल, भिंतीला फळी, दोन पलंग. दोन पलंगांच्या मध्ये एक तिसरा, अगदी लहान.

"कुणाचं आहे हे?" प्रकाश सरांनी विचारलं.

मामांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मला म्हणाले, "आसामातलं आमचं क्वार्टर." एवढंच. मग नकाशावरच्या त्या चौकोनाभोवती लाल पेनानं दोनदा गोल काढला आणि शेजारी लिहिलं, 'हलवू नये'.

दुपारपर्यंत सगळं रीतसर झालं. सर्व्हर बंद, बॅकअप, माझ्या लॅपटॉपवर उघडून बघणं, मग चाचणी, मग खरं जग. दर वेळी मामा आधी पूल बघतात. त्या दिवशी ते दोन्हीकडे थेट उत्तरेला गेले.

मामी चहा घेऊन आल्या. "झालं का तुमचं अपडेट?"

"झालं."

"समदं जागंवर हाय न्हवं?"

"हाय," मामा कपाकडं बघत म्हणाले. "पेरूच्या झाडासकट."

मामींनी ट्रे टेबलावर ठेवला आणि परत उचलला. मग म्हणाल्या, "च्या गार हुईल," आणि आत गेल्या.

जेवणं झाली. दोनला पाच कमी असताना मामा उठले, मला म्हणाले, "चल, जरा संपतच्या अंगणात बसू."

पाणी प्यायला उठले तरी स्क्रीन लॉक करणारा हा माणूस. दारातून मी वळून बघितलं, तर डेस्कटॉप उघडाच होता आणि खुर्ची टेबलापासून जरा मागं ओढून ठेवली होती.

चारपर्यंत आम्ही संपतच्या अंगणात बसलो. मामा घड्याळ बघत होते.