बुजलेली भेग

आमच्या चिखलीच्या सोसायटीत पाण्याची टाकी पार्किंगमध्ये आहे, अर्धी जमिनीच्या वर. तिच्या भिंतीला लागूनच वॉचमनची खोली. खोलीत तो, त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी. मुलगी टाकीच्या बाजूला झोपायची, भिंत गार लागते म्हणून.

सेक्रेटरी झाल्यावर मी आधी भेगांची यादी केली. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण, बाजूला तारीख. टाकीच्या भिंतीवरची भेग सातवी. त्या काँक्रीटमध्ये बिल्डरने खास पावडर घातली होती. भेगेत पाणी शिरलं की आत पांढरे स्फटिक वाढतात आणि भेग आपली आपण बुजते. तसंच झालं. तीन आठवड्यांत गळती थांबली, पांढरी रेघ उरली. मी सातवा क्रमांक खोडला.

महिन्याभराने वॉचमनची बायको म्हणाली, "मॅडम, दार लागंना झालंय."

सुताराने दार तासलं. पंधरा दिवसांत पुन्हा अडलं. माझे वडील बांधकामावर मुकादम होते. संशय आला की ते भेगेवर आडवी, पातळ काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवायचे. भिंत हलली की काच तडकते. मी रविवारी त्या सातव्या भेगेवर तशी पट्टी लावली. बुधवारी ती तडकलेली. खालची रेघ मात्र कोरडी ठणठणीत. दुसरी लावली, तीही गेली. पाण्याच्या दाबाने भिंत सरकत होती आणि सरकेल तेवढी भेग भरून निघत होती. गळती चालू राहिली असती तर आम्ही कधीच जागे झालो असतो.

मी इंजिनिअरला बोलावलं आणि तोवर टाकी रिकामी करा, असं चेअरमनना सांगितलं. ते हसले. "भिंत स्वतःहून बरी होतेय, तुम्हीच तिला आजारी पाडताय. एक दिवसाआड पाणी येतं. टाकी रिकामी करून लोकांना आंघोळ कशाने घालू?"

"निम्मी तरी ठेवा."

"इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येतोय ना? मग बघू."

वाद घालण्यात दुपार गेली असती. मी क्लब हाउस उघडलं.

वॉचमन घुटमळला. "साहेब ओरडतील, मॅडम."

"माझ्यावर ओरडू देत. तुम्ही गादी उचला."

गादी, शेगडी, डबे, मुलीचं दप्तर. तासाभरात खोली रिकामी झाली. संध्याकाळी पाणी सुटलं. मी भिंतीला तळहात टेकवून उभी राहिले. पलीकडे टाकी भरत होती.

तेवढ्यात ग्रुपवर चेअरमनचा मेसेज आला: खोली मोकळी झालीच आहे, तर उद्यापासून मुलांच्या सायकली तिथे ठेवाव्यात.

मी कुलूप आणायला निघाले.