आत माणसं किती?

"नोडु, नोडु! बघ की!" आभाळात विमान दिसलं की अक्का भर रस्त्यात थांबायच्या आणि बोट वर करून विचारायच्या, "आत माणसं किती असतील गं?"

धारवाडच्या आमच्या कॉलेजात त्या भूगोल शिकवायच्या, मी संख्याशास्त्र. कोणत्या देशाची विमानवाहतूक पुढेही टिकेल, पृथ्वीला झेपेल, याचा क्रम लावायचं वेड त्यांनी घेतलं होतं आणि मलाही त्यात ओढलं होतं. निवृत्तीआधी हे काम दिल्लीच्या परिषदेत मांडायचं, एवढी एकच हौस. स्वतः कधी विमानात बसल्या नव्हत्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

पहिला क्रम लागला आणि आम्ही नाचायच्याच बाकी राहिलो. पहिला नंबर एका चिमुकल्या बेटाचा! विमानांचा धूर जवळजवळ नाहीच. अक्कांनी पेढे मागवले, एक तोंडाशी नेला आणि तसाच डब्यात परत ठेवला.

"अय्यो! तिथं विमानंच उडत नाहीत की! आजारी माणूस बोटीची वाट बघत बसत असणार. आपण उपाशी माणसाला मिताहारी म्हणून बक्षीस दिलं गं!"

परिषद तोंडावर आली होती. मी म्हटलं, "अक्का, राहू द्या आता. कोण बघतंय?"

"टमटमवाला बघतो की. गाडी भरल्याशिवाय हलवतो का तो? धूर देशावर नाही, नेलेल्या माणसांवर वाटायचा. आणि ज्यांना जायचं होतं ते पोचले का, तेही बघायचं."

मग काय, सगळं पुन्हा मांडलं. रिकाम्या खुर्च्या उडवणारे देश धडाधड खाली आले, बेटही घसरलं. इतकी मजा मला नोकरीत कधी आली नव्हती. पण या नादात रेल्वेनं दिल्ली गाठायची वेळ निघून गेली. अक्कांना विमानाशिवाय इलाज उरला नाही.

हुबळीच्या विमानतळावर मी फक्त पोचवायला गेले होते; इरकली नेसून त्या रांगेतली डोकी मोजत उभ्या होत्या. "भरलेलं असू दे रे देवा," एवढंच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "मांडलं गं! टाळ्या काय, प्रश्न काय!"

"आणि विमान? भरलं होतं?"

"एक खुर्ची सोडून. माझ्या शेजारचीच. तू यायला पाहिजे होतीस."

अक्का निवृत्त होऊन अळणावरला भावाकडे गेल्या. अजूनही विमानाचा आवाज आला की मी व्हरांड्यात धावते, बोट वर करते, "नोडु, नोडु!" म्हणत शेजारी वळते. शेजारी कुणी नसतं.