आतून आलेली टकटक

कुलूप बाहेरून, किल्ली तिच्या कमरेला, तरी ती आधी दारावर दोनदा टकटक करायची. आतून उत्तरादाखल टकटक आली तरच किल्ली फिरवायची. "आत माणूस आहे गे," म्हणायची.

अण्णा नगरच्या पलीकडे, कोर्टाने पाठवलेल्या बायकांना ठेवतात अशा एका निवाऱ्यात ती मेट्रन होती. मी वकील, दर गुरुवारी तिथल्या बायकांना कायद्याचा सल्ला द्यायला जायचे. आम्ही दोघी तंजावरच्या मराठी घरांतल्या निघालो, तेव्हापासून मी तिला अक्का म्हणू लागले. तिचं ते जुनं, तमिळ हेलाचं मराठी ऐकून माझ्या पुण्याच्या जावेला हसू आवरत नसे.

कायदा मी कॉलेजात शिकले, पण कळला तिच्याकडून. एकदा नव्या शिपायाने तिला विचारलं, "अम्मा, ताब्यातली बाई साहेबाला स्वतःच हो म्हणाली तरी गुन्हा कसा?" अक्काने त्याला कोठीच्या खोलीत पाठवलं आणि बाहेरून कडी लावली.

"माझी कॉफी कशी असते रे?"

"फार छान, अम्मा," आतून आवाज आला. तिची कॉफी कशी असते ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

कडी काढून ती म्हणाली, "बघ. बंद दारामागचा हो असा असतो."

अशा माणसावर तुम्हीही विश्वास ठेवला असता.

एन्नोरच्या कोळी वस्तीतली विशीची एक मुलगी तिथे होती. निवाऱ्याचा अधीक्षक तिला दुपारी कागदपत्रांच्या नावाखाली आपल्या खोलीत बोलवायचा. लवकर सोडवतो म्हणायचा. तिसऱ्या वेळेनंतर तिने मला सगळं सांगितलं. आम्ही तक्रार लिहिली. साक्षीदार एकच, दार उघडून तिला तिकडे नेणारी अक्का. सही करायच्या आधी मुलगी थांबली. मी म्हटलं, "अक्का आहे ना. घाबरू नकोस."

चौकशीच्या दिवशी अक्का कांजी केलेली सुती साडी नेसून आली. मुलीकडे तिने पाहिलं नाही.

"मी दारावर टकटक केली," ती म्हणाली. "हिने आतून केली. म्हणून उघडलं. तिन्ही वेळा खुशीने गेली."

एवढंच बोलून ती उठली. ज्या टकटकीचं मी जगभर कौतुक करत फिरले, तीच तिने त्या पोरीवर उलटवली.

व्हरांड्यात मी तिला गाठलं. "अक्का, कोठीतली कॉफी आठवते?"

ती किल्ल्या चाचपत राहिली. "रिटायर व्हायला चार महिने राहिले गे. जाताना पेन्शनच्या कागदांवर त्या साहेबाचीच सही लागते. सेरि, असू दे, आता सोड."

मला राग आलाच, पण त्याहून लाज जास्त वाटली. मुलीला शब्द मी दिला होता.

चौकशीच्या अहवालात 'स्वेच्छेने' असा शेरा पडला. मी कोर्टात गेले. ताब्यातल्या बाईला अधिकाराच्या जोरावर जवळ ओढलं, तर तिची संमती ही पळवाट होत नाही, हे तिथे ओरडून सांगते आहे. केस चालू आहे. मुलीने मला तमिळमध्ये एकच विचारलं, "मॅडम, मी आतून टकटक केली नसती तर?" मी तिला सगळी कलमं समजावली. ती मान डोलावत राहिली. तिचं समाधान झालं नाही, हे मला दिसत होतं.

अक्का ठरल्या दिवशी रिटायर झाली. हार, भाषणं, सगळं झालं म्हणे. मी गेले नाही.

गेल्या महिन्यात रविवारी दुपारी, अंबत्तूरच्या माझ्या घरी, दारावर दोनदा टकटक झाली. दाराला बेल आहे आणि सगळे बेलच वाजवतात. मी उठून दारापाशी गेले. कडीवर हात ठेवला. पलीकडे ती दम खात उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. तिने पुन्हा ठोठावलं नाही, हाकही मारली नाही. उत्तराची वाट बघत बराच वेळ थांबली, मग तिच्या चपला जिना उतरत गेल्या.

मी आतून टकटक केली नाही.